टाळाची जोडी लावताना

टाळ विकत घ्यायला आलेला माणूस आधी तो उजेडात धरतो. चकाकी बघतो, काठावरून अंगठा फिरवतो, हातात तोलून बघतो. वाजवतो सगळ्यात शेवटी, तेही लाजत लाजत, एकदाच. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून मी हे पाहतो आहे आणि मला अजूनही राग येतो. अरे बाबा, तू वाद्य घ्यायला आलास की वरणाची वाटी?

आमचं वाद्यांचं दुकान चंद्रपुरात आहे. आजोबांनी टाकलं, अब्बांनी वाढवलं, आता मी चालवतो. ढोलकी, खंजिरी, पेटी, घुंगरू सगळं ठेवतो, पण आमची ओळख टाळ-झांजेची. कोरपन्याकडची भजनी मंडळं, वडशाच्या नाटक कंपन्या, लग्नाचे बँडवाले, मोहर्रमचे ताशेवाले, सगळे येतात. पार हेमलकशाकडून कोणी आलं तर ते बहुधा घुंगरू नेतात. घरात आमची हिंदी चालते, दुकानात मात्र मराठी. अब्बा दुकानात माझ्याशीसुद्धा मराठीच बोलतात. त्यांचा जुना नियम आहे: गिऱ्हाईकापुढे दुसऱ्या बोलीत बोललं की त्याला वाटतं, हे बापलेक आपल्याचबद्दल काहीतरी शिजवून राह्यले.

मी काही पंडित नाही. दहावीनंतर आयटीआय केलं, फिटरचं, आणि दुकानात येऊन बसलो. पण धंद्यात राहून जे कळलं ते सांगायला हरकत नाही.

लोक एकतर सगळ्यालाच टाळ म्हणतात, नाहीतर सगळ्यालाच झांज. तसं नसतं. टाळ जाड, खोलगट, तळहातात मावणारा आणि काशाचा. मधल्या भोकातून सुती दोरी ओवून दोघांना एकमेकांशी बांधलेलं असतं. मंजिरी म्हणजे त्याचीच लहान, बारीक आवाजाची जात. झांज रुंद आणि पातळ, मध्ये फुगवटा आणि भोवती पसरट काठ, बहुतेक पितळेची. तिला कापडाच्या मुठी असतात, कारण ती चालता चालता, मिरवणुकीत, जीव खाऊन वाजवायची असते. बँडवाल्यांची झांज त्याहून मोठी, चामड्याच्या पट्ट्यांची. आणि नाटक कंपन्या ड्रमसेटवर जी लावतात ती सिंबल, दांडीवर एकटीच डोलत उभी. तिला काठीनं मारतात. अब्बा तिला पंखा म्हणतात. वडशाचा एखादा ड्रमवाला दिवाळीच्या आधी आला की अब्बा मला हाक मारतात, "अरे, पंखा दाखव यायले." गिऱ्हाईकाला वाटतं खरंच उकडत असेल म्हणून पंखा लावायला सांगितला.

ह्या सगळ्यांचं गोत्र जुनं आहे. आमच्याकडे नदीकाठच्या एका देवळाच्या भिंतीवर एक दगडी बाई टाळ वाजवते आहे. नाक झिजलं, बोटं झिजली, टाळाचे दोन काठ मात्र शाबूत. मोठी झांज म्हणे तुर्की फौजेबरोबर युरोपात गेली, तिथल्या पलटणींनी उचलली, पलटणीबरोबर इंग्रजांनी ती इकडे आणली आणि पलटण गेल्यावर ती आमच्या लग्नांत शिरली. हे मी कुठेतरी वाचलेलं आहे, खरंखोटं तुर्कांना ठाऊक. अब्बांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लढाईतून लग्नात आली म्हंता, मंग फार दूर नाई गेली." अम्मी आतून जे बोलली ते इथे लिहीत नाही.

धातूबद्दल एवढंच. कासं म्हणजे ढोबळ मानानं चार भाग तांबं आणि एक भाग कथील. पितळ सोसतं. वाकलं की ठोकून सरळ होतं. कासं सोसत नाही. फरशीवर पडलं की तडा. मग तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे पळत नाही. आवाज थोडा बसतो, पण टाळ वाचतो. हे भोक पाडणं मला अब्बांपेक्षा चांगलं जमतं, आयटीआयचा तेवढाच उपयोग झाला.

पण ह्या धंद्यातलं खरं काम भोक पाडण्याचं नाही, जोडी लावण्याचं आहे. टाळ आमच्याकडे भंडाऱ्याकडून गोणीत येतात, सुटे. एका साच्यातले असले तरी दोन टाळ सारखे निघत नाहीत. एक जरा जाड, एक जरा हलका, एकाचा आवाज वर, एकाचा खाली. गोणीतून काढून कोणता कोणाबरोबर बसेल हे ठरवायचं, दोरी ओवायची आणि खुंटीवर टांगायची. आमच्या दुकानात हे काम अब्बा करायचे. आजोबांनंतर दुसऱ्या कोणी त्याला हात लावला नव्हता.

त्यांची पद्धत बघायला लोक थांबायचे. दोन टाळांतून कच्ची दोरी ओवायची, दोरीचा मध्य दातात धरायचा, दोन्ही टाळ खाली लोंबते सोडायचे आणि हातानं काठाला काठ भिडवून सोडून द्यायचे. डोळे मिटलेले. मग मान हलवायची, एक टाळ काढून दुसरा ओवायचा. कधी तिसऱ्यात जोडी लागायची, कधी पंधराव्यात. मी लहान असताना एक भजनी बुवा हसून म्हणाला होता, "चाचा टाळ वाजवते का खाते?" अब्बांच्या दातात दोरी होती, त्यामुळे उत्तर मिळालं नाही.

जोडी लागली की ते दोरी पक्की ओवायचे आणि खुंटीवर टांगायला मध्यावर एक फासाची गाठ मारायचे. अब्बा डावखुरे आहेत. त्यांच्या गाठीचा पीळ उलटा पडतो. हे मला तेव्हाही दिसत होतं, पण दिसणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं.

तर, अब्बांचे कान गेले. एका दिवसात नाही, पाच-सहा वर्षांत हळूहळू. आयुष्यभर कानाजवळ झांजा आपटल्यावर दुसरं काय होणार? आधी ते टीव्ही मोठा करायला लागले, मग फोनवर "हां हां, ठीक" एवढंच बोलायला लागले, मग गिऱ्हाईक ढोलकी मागायचं आणि हे खंजिरी काढून द्यायचे. आम्ही कानाचं मशीन आणलं. ते त्यांनी चार दिवस लावलं आणि म्हणाले, "यात सगळं कढईत पडल्यासारखं आयकू येते." मशीन गल्ल्याच्या खणात गेलं, रबराच्या चकत्या आणि खिळ्यांबरोबर. अजून तिथेच आहे.

जोडी मात्र ते लावतच होते. दातात दोरी, डोळे मिटलेले, तसेच. मला वाटायचं, सवयीनं हात चालतो आहे. बोलायचं कोणी?

मशीन यायच्या थोडं आधी, एका हिवाळ्यात, नाटक कंपनीचा एक कीबोर्डवाला आला होता. केसांना लाल रंग, बोलण्यात हुशारी. त्यानं खुंटीवरचा टाळ काढला, वाजवला आणि मोबाईल पुढे धरला. त्यात सूर मोजायचं काहीतरी होतं, काटा हलत होता. एक टाळ वाजवला, काटा इथे. दुसरा वाजवला, काटा तिथे. त्यानं दुसरी जोडी काढली, तेच. तिसरी, तेच.

"भाऊ," तो म्हणाला, "तुमच्या एकाही जोडीचा सूर मिळून नाई राह्यला. चाचांचा कान गेला वाटते."

अब्बा चार हातांवर बसून झांजेच्या मुठीला कापड शिवत होते. त्यांना ऐकू गेलं नाही. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं. बाहेरचा माणूस येऊन, आमच्याच दुकानात, आमच्या बापाचं सांगून गेला आणि मी कबूल केलं, "हो, झालंय तसं थोडं." त्याच दिवशी मी ते मोजायचं यंत्र माझ्या मोबाईलमध्ये घेतलं.

शुक्रवारी आमच्याकडे असं होतं: जवळच्या मशिदीत जुम्म्याची नमाज लवकर होते, तिथे मी जाऊन येतो. अब्बा लांबच्या मशिदीत जातात, तिथे उशिरा होते. त्यांचे जुने दोस्त तिथे असतात. म्हणजे दुपारचा तास-दीड तास दुकानात मी एकटा. त्या शुक्रवारी मी शटर अर्धं ओढलं, आठवडाभरात अब्बांनी लावलेल्यांतल्या वेळेत जमतील तेवढ्या जोड्या खुंटीवरून उतरवल्या, दोऱ्या सोडल्या आणि मोबाईल समोर ठेवून नव्यानं जोड्या लावल्या. काटा जिथे थांबला तिथेच दुसऱ्याचा काटा थांबला पाहिजे. अगदी तंतोतंत. फिटर माणूस मी, तंतोतंत म्हटलं की मला बरं वाटतं. नव्या दोऱ्या ओवल्या, गाठी मारल्या, सगळं परत खुंट्यांवर टांगलं. अब्बा आले, टोपी काढून ठेवली, पाणी प्यायले. मग खुंट्यांकडे बघत मुठी शिवायला बसले.

मग दर शुक्रवारचं ते कामच झालं. मी स्वतःला सांगितलं, बापाची अब्रू राखतो आहोत. त्याला कळणार नाही, गिऱ्हाईकाला कळणार नाही, दुकानाचं नाव राहील. खोटं कशाला सांगू, मला त्यात थोडी मजाही यायची. जे काम करायला त्यांना पंधरा टाळ दातात धरावे लागायचे ते मी बोटानं काचेवर बघून करत होतो.

दोन-तीन महिने गेले असतील. एका शुक्रवारी अब्बा नमाजीहून आले आणि टोपी न काढताच खुंट्यांसमोर उभे राहिले. एकेक खुंटी बघितली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "किती निघाल्या?"

"काय किती?" मी ओरडून विचारलं.

"काई नाई," ते म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

मी काही फार विचार केला नाही. म्हातारी माणसं मधूनच काहीबाही विचारतात.

त्यानंतर त्यांनी जोड्या लावणं कमी केलं. आधी आठवड्याला वीस व्हायच्या, मग दहा, मग चार. एकदा गोणी आली तेव्हा त्यांनी ती उघडलीच नाही, पायानं माझ्याकडे सरकवली. "तूच लाव आता," म्हणाले. "मले मुठी शिवाच्या आहेत." आणि खरंच ते मुठी शिवायला लागले. इतक्या शिवल्या की झांजा संपल्या आणि मुठी उरल्या. ते जेवायचे कमी, झोपायचे जास्त. दुपारी दुकानात यायचे आणि खुंट्यांकडे पाठ करून बसायचे. अम्मी म्हणायची, "इन्हें क्या हुआ है?" मी म्हणायचो, वय झालं. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं होतं. शुक्रवारचा तो लपूनछपून कारभार संपला होता. दोन वर्षं गेली.

मागच्या वर्षी पाऊस संपून कपाशी फुटायला लागली होती, त्या दिवसांत कोरपन्याकडची एक बाई आली. बायकांच्या भजनी मंडळाची ती पुढारी. नऊवार नेसलेली, सिमेंटच्या धुळीनं चपला पांढऱ्या झालेल्या, आवाज असा की भजनाला माईक लागत नसावा. तिनं पिशवी टेबलावर उलटी केली. पाच जोड्या बाहेर पडल्या.

"भाऊ, हे टाळ मुके आहेत," ती म्हणाली.

"मुके म्हणजे?"

"मुके म्हणजे मुके. वाजते, पण बोलत नाई. चार जोड्या तुमच्या इथूनच नेल्या मागच्या साली. बाया म्हणते, भाताच्या गंजावर झाकण आपटल्यावानी वाटते. अन् ही पाचवी जुनी, हिच्यासाठी भांडणं होते आमच्यात. सगळ्याईले हीच पाह्यजे."

मला राग आला. मी मोबाईल काढला. नव्या जोडीतला एक टाळ वाजवून काटा दाखवला, दुसरा वाजवून काटा दाखवला. "बघा बाई. तसूभर फरक नाही."

तिनं मोबाईलकडे बघितलंसुद्धा नाही. "मोबाईलले भजन कराचं हाय का?" ती म्हणाली आणि पाचवी जोडी उचलून एकदा वाजवली.

तो आवाज मी ओळखला. लहानपणापासून ओळखत होतो, फक्त दोन वर्षांत विसरलो होतो. टाळ वाजला आणि थांबला नाही. हवेत लहरत राहिला, मोठा होई, बारीक होई, परत मोठा होई, आणि असं करत करत हळूच विझला. मग तिनं माझी जोडी वाजवली. ठण्ण. एकच सरळ आवाज, आणि संपला.

"चाचा कुठी आहेत?" तिनं विचारलं. अब्बा मागे मुठी शिवत होते. ती माझ्या हो-नाहीची वाट न बघता आत गेली आणि माझी जोडी त्यांच्या हातात दिली. अब्बांनी ती वाजवली नाही. दोरीच्या मध्यावरची गाठ बोटांत धरून पाहिली.

"ही माही नाई," ते म्हणाले. "हा पोरगा लावते आता. त्याचा कान चांगला हाय, बाई. माहा गेला."

"अन् ही?" तिनं पाचवी जोडी पुढे केली. गाठीचा पीळ उलटा.

"ही माही. जुनी असन, कान होता तवाची."

"कायची जुनी!" बाई एवढ्यानं ओरडली की त्यांनाही ऐकू गेलं. "त्या दिवशी तुमी कानातली मशीन काढून गल्ल्याच्या खणात टाकली ना माह्यासमोर! म्हणे कढईत पडल्यावानी आयकू येते. तवाची हाय ही. शुक्रवारले येणार होती मी, पण तिकडं मयत झाली म्हून गुरुवारीच येऊन नेली."

अब्बांनी गाठीवरून परत अंगठा फिरवला. मी मनात दिवस मोजले. गुरुवार. म्हणजे अब्बांनी लावलेली आणि माझ्या शुक्रवारातून सुटलेली जोडी. ती लावली तेव्हा त्यांचे कान गेलेले होते.

बाई जोड्या टाकून निघून गेली. पाचवी ती सोडत नव्हती, ती मला मागून ठेवून घ्यावी लागली. "उद्या येतो," म्हणाली. मी शटर अर्धं ओढलं, शुक्रवार नव्हता तरी. पाचव्या जोडीच्या दोरीचा मध्य दातात धरला, कानांत कापूस कोंबला आणि टाळ एकमेकांवर सोडले. ऐकू फारसं आलं नाही. पण जबड्यात ती लहर आली. येई, जाई, येई, जाई, चार-पाच वेळा, दाढेपर्यंत. मग माझी जोडी धरली. दातात नुसती गुणगुण आणि मग काही नाही. अब्बा कधी कानानं जोडी लावतच नव्हते. आणि ते दोन सूर तंतोतंत एक करायचेच नसतात. त्यांच्यात केसभर फरक ठेवायचा असतो, त्या फरकातूनच लहर निघते. तो फरक मी आधी दर शुक्रवारी आणि मग दोन वर्षं रोज, मेहनत करून काढून टाकत होतो.

मला लाज वाटली. एवढी की कानांतला कापूस काढायचं भानही उशिरा आलं.

अब्बांना सांगणं भाग होतं. गुन्हा कबूल करायचा तर माणूस हळू आवाजात, खाली मान घालून करतो. पण बहिऱ्या माणसापुढे ती सोय नसते. मी जवळ जाऊन म्हटलं, "अब्बा, माझं चुकलं."

"काय?"

"माझं चुकलं, अब्बा!"

"काय म्हंतं?"

शेवटी मी ओरडलो. "तुमच्या जोड्या बरोबर होत्या! मी सोडल्या! दर शुक्रवारी! तुम्ही नमाजीला गेले की!" समोरचा घड्याळवाला दुकानाच्या बाहेर येऊन बघायला लागला. रस्त्यावर दोन माणसं थांबली. होऊ दे म्हटलं, चोरी चौकात केली नव्हती, निदान कबुली तरी चौकात होऊ दे.

अब्बांनी हातातली सुई कापडात टोचून ठेवली. "ते मले मालूम होतं," ते म्हणाले.

"कसं?"

त्यांनी खुंट्यांकडे बोट दाखवलं. तिकडे सगळ्या गाठी, एकीखाली एक, उजव्या पिळाच्या. "नमाजीहून आलो की पाह्यत होतो. पहिल्या खेपेले सहा दिसल्या तुह्या. मी म्हटलं, सहा चुकल्या आपल्या. मंग दहा. मंग सगळ्याच. तुले एक डाव विचारलं बी, किती निघाल्या म्हून. तू बोलला नाई."

"मग तुम्ही का नाही बोललात? भांडायचं होतं!"

"काय बोलू?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "दातात तर बरोबर लागून राह्यलं होतं मले. पण तुले आयकू येते, मले येत नाई. मी समजलो, आता आपले दात बी खोटं सांगते."

रस्त्यावरची माणसं कंटाळून निघून गेली. घड्याळवाला मात्र उभाच होता.

मी खुंट्यांवरच्या सगळ्या जोड्या उतरवल्या, बाईच्या चारही घेतल्या आणि अब्बांच्या पुढे सतरंजीवर ढीग केला. दोऱ्या सोडायला आम्ही दोघं बसलो. माझ्या गाठी पक्क्या होत्या, फिटरच्या. सोडता सोडता माझी नखं दुखली. सगळे टाळ सुटे झाले तेव्हा अब्बांनी त्यांतले दोन उचलले, कच्ची दोरी ओवली, मध्य दातात धरला आणि डोळे मिटले. चौथ्यात जोडी लागली. त्यांनी गाठ मारली, पीळ उलटा पडला. ती जोडी मी खुंटीवर टांगली.

दुसऱ्या दिवशी बाई आली, पाचही जोड्या वाजवून बघितल्या, एक शब्द बोलली नाही आणि पिशवीत भरून घेऊन गेली. तिच्यासारखीचं न बोलणं म्हणजे पावतीच.

आता अब्बा रोज बसतात. गोणी आली की तेच उघडतात, मी हात लावला तर हटकतात. जेवण सुधारलं आहे, अम्मीवर खेकसणंही परत सुरू झालं आहे. मोबाईलमधलं ते यंत्र मी काढून टाकलं. दुकानात जोड्या जातात, परत येत नाहीत.

एकच गोष्ट नवी आहे. गेली पन्नास वर्षं अब्बांनी जोडी लावली की सरळ गाठ मारली. कोणाला कधी विचारलं नाही, आजोबांनासुद्धा नाही, असं अम्मी सांगते. आता जोडी लागली की ते दोरी दातातून काढतात, टाळ माझ्यापुढे धरतात, एकदा वाजवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारतात, "पाह्य बरं बेटा, बरोबर हाय का?"

मी मोठ्यानं हो म्हणतो. प्रत्येक जोडीला म्हणतो. मगच ते गाठ मारतात.